बिनपगारी, फुल अधिकारी

(या भागाचं हे शब्दांकन. भाषा शक्यतो बोलण्यातलीच ठेवली आहे. ‘म्हणजे कसं की’ तेवढे गाळले आहेत.)

‘बिनपगारी, फुल अधिकारी’ ही आपल्याकडची जुनी चेष्टा. लग्नात पंगतीवर देखरेख करणारे काका, गणपती मंडळात छातीवर बिल्ला लावून गर्दी हटवणारा मुलगा, सगळ्यांना लागू पडते. आज ती जरा गंभीरपणे घेऊ. फेसबुकवरचे, रेडिटवरचे, टेलिग्रामवरचे समूह, आपले व्हॉट्सॲप ग्रुप आणि विकिपीडियासुद्धा, हे सगळं अशाच बिनपगारी माणसांच्या जिवावर चालतं. कोणाचं लिहिलेलं राहील, कोणाचं उडेल, कोण आत आणि कोण बाहेर, हे ते ठरवतात. त्यांना आपण मॉडरेटर म्हणतो, ॲडमिन म्हणतो. आता प्रश्न असा, की त्यांनी चुकीचं ठरवलं तर त्यांना जाब कोणी विचारायचा?

तुम्ही म्हणाल, एका ग्रुपमधून काढलं तर काय एवढं? दुसरा ग्रुप धरा. चांगल्या सकाळचे फुलांचे फोटो येणारा ग्रुप असेल तर खरंच काही नाही, उलट सुटलात. पण ज्यांच्या लहान मुलांना टाइप वन मधुमेह आहे अशा पालकांचा समूह असेल तर? रात्री दोन वाजता साखर खाली गेली आणि डॉक्टर फोन उचलत नाहीत, तेव्हा ती आई तिथेच विचारते. किंवा जर्मनीत नुकतंच पाऊल टाकलेला आपला मुलगा, घर कुठे मिळेल, कुठला कागद कुठल्या खिडकीवर द्यायचा, हे तिथल्या मराठी ग्रुपवर विचारतो. अशा ठिकाणाहून एखाद्याला कारण न देता काढलं, तर त्याच्यासाठी ते गाव सोडण्यासारखंच आहे. आणि दुसरा धरा म्हणणं सोपं आहे. दहा वर्षांची माहिती आणि माणसं दुसऱ्या ग्रुपमध्ये नसतात.

तर सुरुवात करू २०२३ च्या जूनपासून. रेडिटने ठरवलं, की बाहेरच्या ॲपवाल्यांनी आमची माहिती वापरायची तर पैसे मोजा. रक्कम एवढी होती, की अपोलोसारखी लोकप्रिय ॲप बंद पडणार हे दिसत होतं. मॉडरेटर मंडळींपैकी अनेक जण आपलं काम अशाच बाहेरच्या साधनांवर करायचे. ते चिडले. १२ जूनला हजारो समूहांनी आपले दरवाजे बंद केले. वाचकाला आत काही दिसेना. एक प्रकारचा संपच.

त्या वेळी कंपनीचे प्रमुख स्टीव्ह हफमन यांनी एनबीसीला मुलाखत दिली आणि या मॉडरेटरांची तुलना ‘लँडेड जेंट्री’शी केली. आपल्या भाषेत सांगायचं तर वतनदार. त्यांचं म्हणणं असं, की जो आधी आला तो कायमचा बसला, पुढे आपल्याच माणसाला गादी देऊन गेला, हे काही लोकशाहीला धरून नाही. सदस्यांना मत देऊन मॉडरेटर हटवता आला पाहिजे.

आता गंमत बघा. हे म्हणणं खोटं नव्हतं. रेडिटवर जो समूह काढतो तो यादीत सगळ्यात वर. वरचा खालच्याला काढू शकतो, खालचा वरच्याला हात लावू शकत नाही. लाखो सदस्य असले तरी त्यांना या बाबतीत मत नाही. वतनाची व्यवस्था याहून वेगळी नव्हती: गाव वसवताना जो पहिला आला त्याची पाटीलकी, मग ती पोराकडे, नातवाकडे. गावाला विचारतो कोण. पण ही वतनं कंपनीला खुपली कधी, तर वतनदार उलटले तेव्हा. त्याआधी वर्षानुवर्षं ती कंपनीच्या फायद्याचीच होती. २०२२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हिशोब मांडला होता: रेडिटचे मॉडरेटर मिळून रोज किमान ४६६ तास फुकट काम करतात, आणि वर्षाला त्याची किंमत किमान ३४ लाख डॉलर होते. तेव्हा कोणी त्यांना जमीनदार म्हटलं नाही.

पुढे झालं काय? कंपनीने त्यांना बजावलं, की समूह उघडा, नाहीतर तुमच्या जागी दुसरे येतील. बहुतेकांनी उघडले. आणि २०२४ पासून नियमच केला, की समूह खासगी करायचा तर आधी कंपनीची परवानगी. म्हणजे मॉडरेटरला जाब विचारायची सोय झाली, पण कोणाला? कंपनीला. त्या पालकांच्या समूहातल्या आईला नाही. आजच्या विषयाची मेख मला इथे दिसते. ‘मॉडरेटरांना उत्तरदायी करा’ असं म्हटलं, की ते कोणाला उत्तरदायी, हा प्रश्न लगेच विचारायला हवा. वर मालकाला, की खाली सदस्यांना?

मालकाला म्हणाल, तर त्यात एक कायद्याची अडचण आहे, आणि ती जुनी आहे. १९९० च्या दशकात अमेरिका ऑनलाइन, म्हणजे एओएल, ही इंटरनेटवरची मोठी कंपनी. तिचे गप्पांचे कक्ष आणि चर्चा हजारो स्वयंसेवक सांभाळायचे. बदल्यात त्यांना जोडणी फुकट किंवा स्वस्त मिळायची. कंपनीने काय केलं, त्यांना शिस्त लावली. ठरावीक तास भरायचे, प्रशिक्षण घ्यायचं, कामाचा अहवाल द्यायचा. ऐकायला उत्तमच. पण १९९९ मध्ये त्यांतले काही जण कोर्टात गेले: एवढं सगळं आमच्याकडून करून घेता, तर आम्ही नोकरच झालो, मग किमान वेतन कुठे आहे? खटला दहा वर्षं चालला आणि शेवटी कंपनीने दीड कोटी डॉलर देऊन तो मिटवला. तेव्हापासून प्रत्येक कंपनीच्या वकिलाच्या डोक्यात हे बसलेलं आहे. स्वयंसेवकाला फार बांधलं की तो नोकर होतो. त्याला मोकळं सोडलं की तो वतनदार होतो. कंपन्यांना मधली जागा सापडलेली नाही, आणि खरं सांगू, ती शोधायची त्यांना फार घाईही नाही.

म्हणून मी बघतो विकिपीडियाकडे. तिथे मालक मुद्दामच लांब उभा राहतो. प्रत्येक भाषेचा विकिपीडिया आपापला कारभार पाहतो. आपला मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. ज्यांच्याकडे लेख वगळायचे, सदस्याला रोखायचे अधिकार आहेत त्यांना तिथे ‘प्रचालक’ म्हणतात, आणि चर्चेच्या पानाला ‘चावडी’. हे नाव ज्याने ठेवलं त्याला माझा नमस्कार.

प्रचालकाने काहीही केलं, की त्याची नोंद होते. कोणी केलं, कधी केलं, काय कारण दिलं, आणि ही नोंद तुम्ही, मी, कोणीही उघडून वाचू शकतो. बरेच लोक इथेच थांबतात. पारदर्शकता आहे ना, मग झालं. सगळं उजेडात आहे म्हटल्यावर लबाडी कशी होईल?

होते. क्रोएशियन विकिपीडियावर झाली, आणि जवळजवळ दहा वर्षं चालली. ही गोष्ट सविस्तर सांगतो, कारण आपल्यासारख्या भाषांना ती जवळची आहे.

क्रोएशिया हा चाळीसेक लाख वस्तीचा देश. त्या भाषेचा विकिपीडिया लहान, त्यात रोज राबणारे मूठभर. २०१० नंतरच्या काळात तिथले अधिकार कट्टर राष्ट्रवादी विचारांच्या एका छोट्या गटाकडे एकवटले. दुसऱ्या महायुद्धात तिथे उस्ताशा राजवट होती, नाझींची साथीदार. यासेनोवाच नावाच्या छावणीत त्या राजवटीने सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांची मोठ्या प्रमाणावर हत्या केली. त्या छावणीवरचा लेख वाचला तर ती माणसं गोळा करून ठेवायची, काम करून घ्यायची जागा होती असं वाटावं, असं लिहिलेलं होतं. ज्याने बदलायचा प्रयत्न केला त्याचं लिखाण उलटवलं जायचं. त्याने हट्ट धरला तर त्याचं खातं बंद. कारणाच्या रकान्यात काहीतरी कारण. आणि हे सगळं नोंदवहीत, जगाला दिसेल असं.

२०१३ मध्ये प्रकरण वर्तमानपत्रांत आलं. क्रोएशियाचे तेव्हाचे शिक्षणमंत्री झेल्को योवानोविच यांनी विद्यार्थ्यांना जाहीर सांगितलं, की आपल्या भाषेतला विकिपीडिया वापरू नका. मंत्र्याला हे सांगावं लागतं, विचार करा! तरीही काही बदललं नाही. कारण साधं होतं. तक्रार करायची तर कोणाकडे? त्याच प्रचालकांकडे. मतदान घ्यायचं तर मत कोण देणार? जे विरोधात होते ते आधीच रोखले गेलेले किंवा कंटाळून निघून गेलेले. मतदानात बनावट खाती वापरली गेल्याचंही नंतर पुढे आलं. आणि विकिमीडिया फाउंडेशनचं धोरण, की भाषेच्या अंतर्गत कारभारात आम्ही पडत नाही. नोंद होती, नियम होते, मतदान होतं. बाहेरचा माणूस तेवढा नव्हता.

सुटका झाली २०२० मध्ये. वेगवेगळ्या भाषांचे संपादक एका सामायिक ठिकाणी जमले, पुरावे मांडले गेले, आणि नोव्हेंबरमध्ये त्या गटातल्या सगळ्यात प्रभावी प्रचालकाला सर्वच विकिमीडिया प्रकल्पांवर बंदी घातली गेली. मग तिथल्या उरलेल्या लोकांना धीर आला आणि बाकीच्यांचे अधिकारही गेले. २०२१ मध्ये फाउंडेशनने यावर अहवाल काढला. पण त्याआधीच्या दहा वर्षांत ज्या मुलाने शाळेच्या निबंधासाठी तो लेख वाचला, त्याचं काय करायचं? ते वाचलेलं परत कोण घेणार?

हे आपल्याला जवळचं का म्हणालो? मराठी बोलणारे आठ कोटींच्या पुढे आहेत, पण मराठीतला कुठलाही ऑनलाइन समूह घ्या, त्याची कामं ओढणारे हाताच्या बोटांवर मोजता येतात. मी कोणावर आरोप करत नाही. उलट तेवढेच आहेत म्हणून त्यांच्यावर ताण असतो, आणि तेवढेच आहेत म्हणून त्यांना कोणी प्रश्नही विचारत नाही. ‘तो होता म्हणून चाललंय’ असं आपण म्हणतो. ते खरं असतं, आणि तिथूनच वतन सुरू होतं.

बरं, उपाय काय? जर्मन विकिपीडियावर एक पद्धत आहे, ती मला आवडते. प्रत्येक प्रचालकाच्या नावाने एक पान असतं. मताधिकार असलेल्या २५ सदस्यांनी महिनाभरात किंवा ५० जणांनी सहा महिन्यांत तिथे सही केली, की त्याला पुन्हा निवडणुकीला उभं राहावं लागतं. खटला नाही, आरोपपत्र नाही. फक्त ‘पुन्हा एकदा विचारून या’.

इंग्रजी विकिपीडियाला हे जमायला २०२४ उजाडलं. तोवर तिथे प्रचालक एकदा निवडून आला की काम करत असेल तोवर बसला. त्याला काढायचं तर लवाद समितीपुढे महिनोन्‌महिने प्रकरण चालवा. आता तिथेही २५ अनुभवी संपादकांच्या सह्या महिनाभरात झाल्या की फेरनिवड. त्यातली दोन कलमं शहाणपणाची आहेत. नव्या प्रचालकाविरुद्ध पहिलं वर्षभर अर्ज करता येत नाही. आणि पहिल्यांदा निवडून यायला जेवढा पाठिंबा लागतो, त्यापेक्षा पुन्हा निवडून यायला कमी पुरतो. कारण जो रोज निर्णय घेतो त्याचे चार शत्रू होणारच. कबड्डीतला पंच कधी दोन्ही बाजूंना आवडलाय?

याचीही किंमत आहे. अर्ज उघडल्यावर काही प्रचालकांनी निवडणूक न लढवता अधिकार सोडून दिले. त्यांतले काही कामाचे असणार. फुकट काम करणाऱ्याला चारचौघांत उभं केलं, की तो म्हणतो, ठेवा तुमचं. हे मला मान्य आहे, आणि तरीही मी या पद्धतीच्याच बाजूने आहे. ज्याला ‘पुन्हा विचारून या’ एवढंसुद्धा सहन होत नाही, त्याच्या हातात इतरांना बाहेर काढायचं बटण असणं बरं नाही.

अजून एक जुनी युक्ती. स्लॅशडॉट नावाचं संकेतस्थळ होतं, अजून आहे. तंत्रज्ञानाच्या बातम्या आणि खाली चर्चा. तिथे कायमचा मॉडरेटर ठेवण्याऐवजी साध्या वाचकांनाच आळीपाळीने थोडे गुण वाटायला दिले जात. पाच गुण, तीन दिवसांत वापरा, नाहीतर गेले. ज्या चर्चेत तुम्ही गुण दिलेत तिथे स्वतः बोलायचं नाही. आणि १९९९ मध्ये त्यांनी त्यावर आणखी एक मजला चढवला: इतर वाचकांना हे निर्णय दाखवायचे आणि विचारायचं, हा योग्य होता का? ज्याचे निर्णय वारंवार अयोग्य ठरत त्याच्याकडे पुन्हा गुण येण्याची शक्यता कमी. आपल्या भजनी मंडळात पेटी आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे, तसंच.

एक सांभाळायची गोष्ट. जाब विचारायचा म्हणजे त्या माणसाचं खरं नाव, पत्ता, फोन जाहीर करायचा, असं कोणी म्हणालं तर माझा ठाम विरोध आहे. मॉडरेटरांना धमक्या येतात. बायकांना तर काय येतं ते त्यांनाच विचारा. निर्णयाचा हिशोब हवा, घराचा पत्ता नको. टोपणनावाने काम करणाऱ्याचेही निर्णय तपासता येतात, त्याचा अधिकार काढून घेता येतो, आणि एवढं पुरतं.

आता आपल्या व्हॉट्सॲपकडे. कायदा इथे काय म्हणतो, तर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं, की सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला, तर त्यात ॲडमिनचा सामायिक हेतू दिसल्याशिवाय ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही. ॲडमिनला फक्त माणसं घेण्या-काढण्याचा अधिकार, मजकूर आधी तपासायची सोय त्याच्याकडे नाही, असा त्यामागचा विचार. निकाल योग्यच. पण त्यानंतर, २०२२ मध्ये, ॲडमिनला दुसऱ्याचा संदेश सगळ्यांसाठी पुसायची सोय मिळाली, आणि ग्रुपची मर्यादा १०२४ माणसांपर्यंत गेली. अधिकार वाढले. दुसऱ्याच्या चुकीसाठी ॲडमिनला पकडू नका, बरोबर आहे. पण त्याच्या स्वतःच्या चुकीसाठी दाद कुठे मागायची? माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तक्रारीची पोच, ठरावीक मुदतीत निकाल, त्यावर अपील समित्या, ही सगळी साखळी कंपनीच्या दारापर्यंत जाते. सोसायटीच्या ग्रुपमधून सेक्रेटरींनी तुम्हाला काढलं, तर दिल्लीतली समिती काही येणार नाही. आणि यावीही का?

म्हणून ते आपणच करायचं आहे. माझ्या ओळखीच्या एका बाई साडेतीनशे सदस्यांचा ग्रुप चालवतात, आजारी माणसांची घरी काळजी घेणाऱ्यांचा. त्यांची पद्धत सांगतो. तीन ॲडमिन, आणि तिघी एकमेकींच्या नात्यातल्या नाहीत. ज्या भांडणात एखादी ॲडमिन स्वतः बोलली, त्या भांडणात तिने बटण दाबायचं नाही, उरलेल्या दोघींपैकी कोणीतरी बघायचं. कोणाला काढलं तर त्याला खासगीत कारण लिहून पाठवायचं, नुसतं ‘नियमभंग’ नाही, कुठला संदेश आणि कुठला नियम ते. त्याला दाद मागायची असेल तर ज्या बाईने काढलं नाही तिच्याकडे. दर गुढीपाडव्याला ग्रुपवर मतदान, कोण राहायचं, कोणी विश्रांती घ्यायची. ‘विश्रांती’ हा शब्द त्यांचा. हटवलं असं वाटत नाही, आणि बऱ्याच जणींना ती खरंच हवी असते.

मी विचारलं, एवढं सगळं करायला वेळ कुठून आणता? त्या म्हणाल्या, पहिल्या महिन्यात लागला; मग भांडणं कमी झाली, तो वेळ तिकडून आला.

एकच अडचण त्यांना सुटलेली नाही. व्हॉट्सॲपवर ज्याने ग्रुप काढला त्याचं ॲडमिनपद इतरांना काढता येत नाही, तो स्वतः ग्रुप सोडेपर्यंत. गाव वसवणारा पाटील पुन्हा आलाच. त्यांच्या ग्रुपवर तो पाटील म्हणजे त्या स्वतः. येत्या पाडव्याला त्या ग्रुप सोडून, दुसऱ्या ॲडमिनकडून साध्या सदस्य म्हणून परत आत येणार आहेत. बाकीच्या दोघी म्हणतायत, काकू, कशाला उगाच. काकू ऐकत नाहीयेत.

तुमच्या ग्रुपवर लिहिलेले नियम असतील तर आम्हाला पाठवा, नावं खोडून. पुढच्या महिन्यातल्या एका भागात त्यांतले काही वाचू. आज एवढंच. नमस्कार.